पाचवी इमारत सापडेना

सरांना पाच इमारतींचे फोटो हवे होते आणि माझ्याकडे होते चार. पाचवी इमारत बांधली गेली होती की नाही, यावरच आमचं एकमत होईना. सर म्हणत होते, आहे. मला पक्कं आठवत होतं की नाही. आणि आमच्या दोघांत आठवणीच्या बाबतीत भरवशाचं कोण, हे तेव्हा मला विचारलं असतं तर मी छातीठोक माझंच नाव सांगितलं असतं.

नव्वद साल उलटून गेल्यानंतरची ही गोष्ट. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमचं ऑफिस होतं. खाली जीन्स शिवायच्या मशिनी दिवसभर खडखडायच्या आणि वर आम्ही नकाशे काढायचो. आम्ही म्हणजे आमचे आर्किटेक्ट सर आणि मी. एके काळी सहा ड्रॉइंग बोर्ड होते, तेव्हा दोन उरले होते. नवीन पोरं कॉम्प्युटरवर नकाशे काढायला लागली होती, दुकानांची, बँकांची कामं तिकडे वळली होती. अशात नगरपालिकेनं सार्वजनिक इमारतींच्या कामासाठी आर्किटेक्टांची यादी करायला घेतली. अट अशी, की बांधून पूर्ण झालेल्या पाच सार्वजनिक इमारती फोटोसकट दाखवायच्या. अर्ज द्यायची शेवटची तारीख शनिवार. नाव लागलं नाही तर सर दिवाळीला ऑफिस बंद करणार होते, तसं त्यांनी घरमालकाला सांगूनही टाकलं होतं. मला मात्र सांगितलं नव्हतं. मला ते खालच्या टेलरकडून कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, दहा वर्षं झाली मला तिथे! टेलरला माहीत आणि मला नाही?

पण सरांवर चिडून उपयोग नव्हता. सर विसरायला लागले होते. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बेटा, चाय नहीं आया अभी तक?" एकाच सिमेंटवाल्याला सकाळी दोनदा फोन करायचे. दुसऱ्यांदा तो हसायचा, ते मला फोनच्या बाहेर ऐकू यायचं. वाटायचं, उठावं आणि जाऊन त्याच्या कानाखाली वाजवावी.

सर सिंधी. फाळणीनंतर आईच्या कडेवर बसून कॅम्पातल्या बराकीत आलेले. शाळा सुरू झाली ती सिंधीत, त्यामुळे पुढे कितीही शिकले तरी स्वतःपुरतं काही लिहायचं झालं की सिंधीतच, उजवीकडून डावीकडे. माझ्याशी बोलायचे ते अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

मी विठ्ठलवाडीची. वडील अंबरनाथला कारखान्यात होते. त्यांनी मला आयटीआयला घातलं, पण नोकरीच्या वेळी त्यांचाही धीर सुटला. आळीतल्या बायका आईला विचारायच्या, "कागदावर रेघा ओढायचा पगार देतात व्हय?" वडील म्हणाले, "एक वर्ष बघ. काही गडबड झाली, कुणाचा एक शब्द ऐकावा लागला, तर सरळ घरी बसायचं. स्थळ बघायला घेतो मी." असं ते एक वर्ष माझं. श्वाससुद्धा मोजून घ्यायचे मी त्या ऑफिसात.

असो. तर पाच फोटो.

सरांनी मला कॅमेरा दिला, रोल भरून दिला आणि सिंधीत लिहिलेली यादी वाचून दाखवली. पहिली भाजी मंडई, कॅम्पातलीच, ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर. गेले तर मंडई गायब! तीनदा त्याच रस्त्यानं गेले आणि आले. शेवटी मान वर करून पाहिलं, तर पाट्यांच्या, ताडपत्र्यांच्या आणि लटकवलेल्या पँटींच्या वर आमच्या छपराची नागमोडी कड दिसली. आत भाजीची एक जुडी नव्हती. ओट्यांवर मशिनी मांडून पोरं चेन शिवत होती. मी एकाला म्हटलं, "अरे, ही मंडई आहे ना?" तो म्हणाला, "मंडई? दीदी, यहाँ तो पहले से कारखाना है." आता काय बोलायचं! त्या ओट्याची उंची मी स्वतः कागदावर लिहिली होती, बाईला वाकावं लागू नये म्हणून.

अंबरनाथचा दवाखाना सापडला, पण त्याला एक मजला जास्त आला होता, कुठून आला देव जाणे. विठ्ठलवाडीच्या सभागृहाला आम्ही चार खांब दिले होते, आता सहा होते. मी दोनदा मोजले. नंतर पाहिलं, तर दोन नुसतेच प्लायवूडचे, कुठल्याशा लग्नात शोभेला उभे केलेले, ते काढायचे राहून गेले होते. गावाकडच्या शाळेचं तेवढं बरं होतं, फक्त पुढचा व्हरांडा भिंत घालून बंद केला होता आणि आत मुख्याध्यापकांची मोटरसायकल. चार दिवसांत माझ्या डोक्याचं पार भजं झालं. आपण काढलेलं आणि लोकांनी वापरलेलं यांचा एकमेकांशी काही संबंध असतो की नाही, हेच मला कळेना. पण निदान चार फोटो झाले.

पाचवी इमारत म्हणजे बदलापूरचं वाचनालय.

ते आमच्या ऑफिसच्या भिंतीवर होतं. माझ्या बोर्डाच्या अगदी समोर, चौकटीत, सरांनी जलरंगात काढलेलं चित्र. मध्ये दार. दाराच्या उजव्या हाताला वाचायची खोली, तिला जवळजवळ जमिनीपर्यंत येणाऱ्या तीन मोठ्या खिडक्या. त्यांच्या पलीकडे कडुनिंब आणि कडुनिंबापलीकडे निळी रेघ, म्हणजे उल्हास नदी. डाव्या हाताला संडास आणि सामानाची खोली, लहान झरोके ठेवून. दहा वर्षं रोज ते चित्र बघून मला ते घरासारखं पाठ झालं होतं. त्याचा नकाशाही मीच ट्रेस केला होता, नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात. पण पुढे सरच म्हणाले होते, "वो काम गया." बाकी प्रत्येक इमारतीच्या उद्घाटनाला सर मला घेऊन जायचे, पेढ्याचा पुडा घरी पाठवायचे. या वाचनालयाचा पेढा कधी आला नाही. म्हणजे ते बांधलंच गेलं नाही, नाही का?

"बांधला है बेटा," सर म्हणाले. "मैं खुद गया था."

"सर, तुम्हीच म्हणालात काम गेलं."

"मैंने बोला?" सर चित्राकडे बघत राहिले. "क्यों बोला मैंने?"

मला काय माहीत! सोमवारी ते म्हणाले, वाचनालय दोन मजली आहे. मंगळवारी म्हणाले, एकमजली, पण स्टेशनजवळ. बुधवारी म्हणाले, स्टेशनजवळ नाही, मांजर्लीत, नदीकडे. बाकी सगळ्या कामांच्या नकाशांची गुंडाळी पत्र्याच्या नळ्यांत घालून क्रमानं ठेवलेली होती. ह्या कामाची नळी तेवढी नव्हती. जागा मात्र रिकामी सोडलेली होती, त्यात दुसरी नळी कुणी सरकवली नव्हती. न बांधलेल्या इमारतीसाठी दहा वर्षं जागा कोण राखून ठेवतं? मी त्या रिकाम्या जागेत हातसुद्धा घालून पाहिला. धूळ होती.

गुरुवारी मी बदलापूरला गेले. पश्चिमेला उतरून रिक्षानं मांजर्लीत. मनात चित्र घट्ट धरलेलं, उजवीकडे खोली, डावीकडे संडास. एका गल्लीतून गेले, दुसरीतून आले. नवीन बिल्डिंगांची कामं चालू होती, वाळूचे ढीग, सगळं सारखंच दिसत होतं. किराणावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "वाचनालय ना? हे काय, गिरणीला लागून." मी पाहिलं. वाचनालय होतं खरं, पाटीही होती. पण ते आमचं नव्हतं. त्याची मोठी खोली डावीकडे होती, पिठाच्या गिरणीला खेटून, आणि संडास उजवीकडे, नदीच्या बाजूला. असलं गाढवासारखं काम आमचे सर करतील? नदीचा वारा संडासाला आणि पिठाची धूळ वाचणाऱ्यांना! कुणा अडाण्यानं बांधलंय, असं मनात म्हणून मी पुढे गेले.

आणखी अर्धा तास फिरले. नदीपर्यंत जाऊन आले. दुसरं वाचनालय नव्हतंच. परत त्याच इमारतीसमोर येऊन उभी राहिले तेव्हा नजर खिडक्यांवर गेली. तीन खिडक्या, जवळजवळ जमिनीपर्यंत. त्यांच्यावरच्या छज्ज्याचं टोक जरासं खाली वळवलेलं, पावसाची धार आत येऊ नये म्हणून. तसा छज्जा सर सोडून कुणी काढत नसे.

म्हणजे हे आमचंच होतं.

आत गेले. आत एक ग्रंथपाल बाई होत्या, माझ्याच वयाच्या, पुस्तकावरचं पीठ फडक्यानं झटकत होत्या. मी म्हटलं, "फोटो काढायचाय, आर्किटेक्टच्या ऑफिसातून आलेय." त्या म्हणाल्या, "या ना ताई, बघा सगळं." मी न बघताच उजवीकडे वळले आणि समोरचं दार ढकललं. ते संडासाचं दार निघालं. बाई हसल्या. मला काही हसू येईना. माझे पाय एकीकडे जात होते आणि इमारत दुसरीकडे. जिना जिथे हवा तिथे नव्हता, पण होता, बरोबर समोरच्या बाजूला, तेवढ्याच पायऱ्यांचा. सगळं होतं, एकूणएक, फक्त आरशात दिसावं तसं.

"कुणाच्या लक्षात नाही आलं का हो," मी विचारलं, "की खोली नदीकडे हवी होती?"

"नदीकडे?" बाई म्हणाल्या. "नको गं बाई! दोनदा पाणी आलं इथे. त्या बाजूनं आलं, संडासाच्या भिंतीला लागलं आणि थांबलं. ह्या एवढाल्या खिडक्या तिकडे असत्या तर एक पुस्तक वाचलं नसतं. आमचे अध्यक्ष म्हणतात, आर्किटेक्ट डोकेबाज माणूस. आता गिरणीची कटकट आहे म्हणा. पेपर वाचायला बसलं की दुपारी हळदीचं दळण, डोळे चुरचुरतात. पण चालायचंच."

डोकेबाज! मला रडू येत होतं की हसू, मला सांगता येणार नाही. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि तिथे बसल्या बसल्या मला सगळं कळलं.

तेव्हा काम असं चालायचं. सर पातळ बटर पेपरवर पेन्सिलीनं कच्चा नकाशा काढायचे. तो कागद मी बोर्डाला चिकटवायचे, त्यावर ट्रेसिंग पेपर टाकायचे आणि शाईनं पक्का गिरवायचे. त्या ट्रेसिंगच्या अमोनिया प्रिंट निघायच्या आणि साइटवर जायच्या. आता बटर पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, पेन्सिल आरपार उमटते. कागद उलटा लागला तर कुणालाही अक्षरांवरून लगेच कळेल. पण सरांची अक्षरं सिंधी! मला ती सुलटी काय आणि उलटी काय. आकडे सर वेगळ्या चिठ्ठीवर द्यायचे. मग मी पट्टी लावून मापं घेतली, गिरवलं आणि त्यावर माझ्या सुबक अक्षरात लिहिलं, वाचन कक्ष, भांडार, प्रसाधन. चुकीच्या जागी, अगदी सुबक.

आणि सर कुठे होते? सरांना त्या पावसाळ्यात कावीळ झाली होती. तीन महिने घरी. त्यांनी अंथरुणावर पडून सही केली असणार. उठून साइटवर गेले तोवर भिंती वर आल्या असतील.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, कशावरून? असेल गवंड्याची चूक. पण मला दुसरं एक आठवलं. काविळीतून परत आल्यावर सरांनी एक नवीन नियम काढला. त्यांच्या प्रत्येक कच्च्या नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात ते लाल पेन्सिलीनं एक शब्द लिहायला लागले, देवनागरीत, मोठ्या अक्षरात, 'सीधा'. आणि मलाही ट्रेसिंगच्या कोपऱ्यात तोच शब्द लिहायला लावायचे. दहा वर्षं लिहिला मी. दहा वर्षं वैतागले. इतर पोरांसमोर सरांची नक्कल करायचे, "बेटा, सीधा लिखा?" म्हातारपणी माणसाला खूळ लागतं, असं मी म्हणायचे. सर तेव्हा पन्नाशीतसुद्धा नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

तर काम गेलं नव्हतं. सरांनी ते आपल्या नावावरून काढून टाकलं होतं. का लपवलं, ते आता विसरले होते, म्हणून आता यादीत हवं म्हणत होते.

मी काय केलं ते सांगते, लाज वाटते तरी सांगते. मी कडुनिंबाच्या मागे जाऊन उभी राहिले, म्हणजे दारावरची पाटी फांदीआड झाली, आणि फोटो काढला. ऑफिसजवळच्या स्टुडिओवाल्याला म्हटलं, "भाऊ, याची प्रिंट निगेटिव्ह उलटी घालून काढायची." तो म्हणाला, "ताई, लोक उलटी आली म्हणून भांडतात, तुम्ही सांगून काढताय?" मी म्हटलं, "तू काढ मुकाट्यानं." प्रिंट आली. खोली उजवीकडे, संडास डावीकडे. भिंतीवरच्या चित्रासारखी. सरांना का दुखवायचं, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं होतं. सरांना आठवू नये, एवढंच मला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी मी पाची फोटो सरांपुढे ठेवले. चार त्यांनी भराभर पाहिले. पाचवा भिंगाखाली धरला. खूप वेळ धरला. खालच्या मशिनी थांबल्या होत्या, जेवणाची सुट्टी होती.

"बेटा," सर म्हणाले, "गिरणी इस तरफ कैसे आयी?"

फोटोच्या उजव्या कडेला पत्र्याचा एक तुकडा दिसत होता. गिरणीचं छप्पर. मला वाटलं होतं, तो कोण ओळखणार!

"गिरणी डाव्या हाताला आहे," सर म्हणाले. "झाड उजव्या हाताला. मी तिथं जाऊन बसलो होतो ना. पेपर वाचला. बहुत आवाज था."

मग एकदम सगळं बाहेर आलं, रडत, धाप लागल्यासारखं. कागद मी उलटा लावला होता सर, मला आजवर कळलंच नाही, आणि हा फोटोही मीच उलटा काढून आणला. सरांनी भिंग खाली ठेवलं. ते माझ्याकडे असे बघत होते, की त्या क्षणी त्यांना सगळं, अगदी सगळं आठवत होतं.

"तेरे पिताजी आये थे," ते म्हणाले. "माझी कावीळ बघायला. खूप चांगला माणूस. म्हणाले, साहेब, पोरीचं काही चुकलं तर मला सांगा, मी तिला घरी बसवतो." सरांनी फोटो बाजूला सारला. "मी सांगितलं, कुछ नहीं चुका. मग साइटवर गेलो. आता काय सांगणार? जुबान दिली होती."

माझे वडील सरांना भेटले होते हेही मला माहीत नव्हतं. ते तर या फोटोंच्या आदल्याच वर्षी गेले. विचारायचं कुणाला?

मी स्टुडिओत परत गेले आणि सुलटी प्रिंट काढून आणली. शनिवारी अर्ज दिला. खिडकीवरच्या कारकुनानं फोटो मोजले, पाच, आणि शिक्का मारला. इमारती त्यानं पाहिल्यासुद्धा नाहीत. नाव पुढे यादीत लागलं, एका शाळेच्या दुरुस्तीचं काम आलं आणि ऑफिस आणखी थोडी वर्षं चाललं. पण ते सगळं नंतर.

त्या शनिवारी परत आले तेव्हा सर माझ्या बोर्डाशी, भिंतीवरच्या चित्रासमोर उभे होते. मला पाहून वळले.

"बेटा, बदलापूरवालं वाचनालय डाला क्या?"

कालचं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर उरलेलं नव्हतं. मी पर्स टेबलावर ठेवली.

"डाला, सर."

"सीधा?"

"सीधा, सर," मी म्हटलं, आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून.